एल्नाचा नवरा आणि बारापटी दुर्बीण

लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासऱ्यांनी वेसेलला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. तो अगदी समोर बसलेला असला तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "एल्नाच्या नवऱ्याला कॉफी हवी का, विचार." मग एल्नाचा नवरा स्वतःच "चालेल की" म्हणायचा, आणि खुर्ची बोलल्यासारखे सासरे दचकून बघायचे.

वेसेलचा गुन्हा तसा साधा होता. तो प्रिटोरियात लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करून द्यायचा. सासरे, म्हणजे सारेल पा, यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारचे पुरुष होते: शिकार करणारे आणि उरलेले. दर जुलैत वॉटरबर्गच्या डोंगरातल्या त्यांच्या शेतावर शिकारीचा तळ पडे. पा, त्यांचा मुलगा फानी आणि दोन शेजारी बंदुका घेऊन रानात जात, आणि वेसेल शेकोटीपाशी बटाटे सोलत बसे. एका वर्षी पांनी बटाट्यांची तारीफही केली होती. सोलणाऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

पांची पंचक्रोशीत कीर्ती होती ती 'म्हाताऱ्या'मुळे. म्हातारा म्हणजे एक कुडू. राखाडी अंगावर उभे पांढरे पट्टे आणि डोक्यावर पिळदार शिंगं असलेलं ते थोरलं हरीण पांशिवाय कुणीच पाहिलेलं नव्हतं. तळ पडला की रोज दुपारी जेवण झाल्यावर पा एकटेच त्याच्या मागावर निघत. संध्याकाळी परतत तेव्हा केसांत गवत, डोळे लाल आणि गालावर कसले तरी वळ. "आज थोडक्यात निसटला," ते म्हणत. "काट्यांतून सरपटत गेलो होतो." ऐकणारे टोप्या काढून मान डोलावत. नऊ वर्षं म्हातारा थोडक्यात निसटत होता आणि नऊ वर्षं कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

या वर्षी पांचा फोन आला. तो अर्थातच एल्नाला. "तुझ्या नवऱ्यालाही नेऊ म्हणतो रानात. पण दुर्बीण स्वतःची आणायची. दुर्बीण बघितली की माणूस कळतो."

वेसेल त्या रात्री आनंदानं जेवलाच नाही. सहा वर्षांनी परीक्षेला बसायची परवानगी मिळाली होती. आता पास व्हायचं, आणि बक्षीस म्हणून स्वतःचं नाव ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी तो बंदुकांच्या दुकानात गेला. तिथं दुर्बीण पारखायची रीत ठरलेली होती. दारात उभं राहायचं आणि समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बघायचं. दुकानात बाकावर दोन म्हातारे कायम बसलेले असत. त्यांना काही घ्यायचं नसे, पण दुसऱ्यानं काय घ्यावं हे ते फुकट सांगत.

"आठपटी घे," दुकानदार मारिउस म्हणाला. "आपल्याकडचं रान दाट. वस्तू आठपट जवळ दिसली की झालं."

"माझ्या सासऱ्यांची कितीची आहे?"

"आठाचीच. तुझ्या जन्माआधीची."

वेसेलचा चेहरा उजळला. "मग मला बाराची दाखव."

"अरे पोरा," बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाराची हातात धरलीस की सगळं जग थरथरतं. आणि दिसतो तो एवढासा तुकडा! हत्ती बघायला गेलास तर हत्तीचा गुडघा दिसेल."

"गुडघा दिसला तर हत्ती आहे हे मला कळेल, काका," वेसेल टेचात म्हणाला. त्यानं बारापटी डोळ्यांना लावली. "या घड्याळाचा काटा थरथरतोय. चर्चवाल्यांना सांगायला हवं कुणीतरी."

"काटा नाही, हात थरथरतोय तुझा," मारिउस म्हणाला. पण गिऱ्हाईक सासऱ्यांच्या दीडपट जायच्या इरेला पेटलेलं बघून त्यानं दुर्बीण मुकाट बांधून दिली. हात थरथरतात म्हणून वर तिपाईही दिली. तिपाई जड म्हणून खांद्याचा पट्टा दिला. पट्टा मानेला काचतो म्हणून मऊ गादीही दिली. वेसेल बाहेर पडला तेव्हा तो शिकारीपेक्षा जमीनमोजणी करायला निघालेला दिसत होता.

"पांच्या रानात साठ पावलांपलीकडं काही दिसत नाही," एल्ना म्हणाली. "एवढ्याशा अंतरावर तू काय बघणार? झाडाच्या सालीवरच्या मुंग्या?"

"तू शिकारी घरात जन्मलीस, पण तुला दुर्बिणीतलं काही कळत नाही," सहा वर्षं बटाटे सोललेला माणूस म्हणाला.

शिकारीच्या सकाळी सगळे एका खडकाळ टेकडीवर चढले. पांनी प्रत्येकाला एकेक दिशा वाटून दिली. वेसेलच्या तिपाईकडं त्यांनी नुसतं बघितलं, आणि त्या बघण्यात जे होतं ते बोलण्यातही आलं नसतं. "एल्नाच्या नवऱ्यानं खालची वाट बघावी," ते म्हणाले. "उत्तरेकडं कुणी बघू नका. तिकडं काही नसतं."

आता तिपाईचा एक पाय खडकाच्या भेगेत गेला, यात वेसेलचा काही दोष नव्हता. दुर्बीण गर्रकन उत्तरेकडं फिरली. ती सावरता सावरता त्यानं डोळा लावला. एका डेरेदार झाडाखाली, पानांच्या फटीतून, राखाडी रंग. त्यावर उभे पांढरे पट्टे. डोकं नाही, पाय नाहीत. दुर्बिणीत मावला तेवढाच तुकडा.

"कुडू!" तो कुजबुजला. "केवढा थोरला आहे!"

फानीनं आपली दुर्बीण उत्तरेकडं वळवली. "खरंच की! राखाडी आहे काहीतरी. हलत नाहीये."

"तिकडं कुडू नसतो," पा ताडकन म्हणाले.

"पण पा, तुम्ही तर रोज दुपारी त्याच बाजूला..."

"मी सांगतो ना, नसतो! वाराही उलटा आहे."

"वारा तोंडावर येतोय, पा," फानी हसायला लागला. "कळलं! म्हातारा दुसऱ्या कुणाला मिळायला नकोय तुम्हाला!"

शेजारीही हसले. आता पा अडचणीत सापडले. नाही म्हणावं तर हावरट ठरणार. ते मूग गिळून सगळ्यांच्या मागोमाग निघाले.

रानात पाचोळाही न वाजवता चालणारा माणूस म्हणून पांचं नाव होतं. त्या सकाळी ते तीनदा खोकले, एकदा शिंकले आणि शेवटी एका वाळक्या फांदीवर असा पाय दिला की ती कडाडून मोडली. सगळ्यांनी वळून बघितलं. वेसेलला त्यांची दयाच आली. बिचारे थकले आता, त्याच्या मनात आलं. झाडाखालचा तो राखाडी धीट प्राणी मात्र ढिम्म हलला नाही. वेसेलनं फानीची बंदूक मागून घेतली, तिपाईवर टेकवली आणि चाप ओढला.

"पडला!" फानी ओरडला. "आडवा झाला!"

"जागचं हलू नका कुणी!" पा त्याहून मोठ्यानं ओरडले. "जखमी कुडू शिंगांवर घेतो. मी आणि ज्यानं गोळी झाडली तो, दोघंच जाऊ."

दोघं झाडाखाली पोचले. जमिनीवर एक गादी पालथी पडली होती. राखाडी, पांढऱ्या पट्ट्यांची, दोघांची ऐसपैस गादी. साप शिरू नये म्हणून ती खोडाला टेकवून उभी केलेली असणार. तिच्या बरोबर मध्यावर भोक पडलं होतं आणि त्यातून कापूस बाहेर येत होता. शेजारी गुलाबांचं भरतकाम केलेली एक उशी होती. सासूबाई गेली दोन वर्षं शोधत होत्या तीच. आणि चपलांचा एक जोड, नीट जुळवून ठेवलेला.

वेसेलनं बाहेर आलेला कापूस बोटानं आत ढकलला. मग म्हणाला, "पा, म्हातारा तो हाच?"

पा मटकन गादीवर बसले. "घरी तुझी सासू हेस्टर दुपारचं पडू देत नाही रे," ते हळूच म्हणाले. "जरा आडवं झालं की कुंपण तुटलंय, पंप बिघडलाय, वासरू कुठंय. वर्षातले चार दिवस माणसानं दोन तास झोपायचं म्हटलं तर काय बिघडतं?" मग त्यांनी मान वर केली. "फानीला सांगणार आहेस?"

सांगता आलं असतं. सहा वर्षांच्या बटाट्यांचा एका वाक्यात वचपा निघाला असता. वेसेल काहीच बोलला नाही. तो सूड घेत नव्हता, त्याला खरोखर काय बोलावं ते सुचत नव्हतं. पण ती शांतता पांना फार जड गेली.

"वेसेल," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"वेसेल म्हणालो. आता काय चर्चच्या मनोऱ्यावरून ओरडू?"

गादी मारून मिळालेलं नाव, पण ते ऐकून वेसेलला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

परत आल्यावर पांनी छाती काढून जाहीर केलं, "म्हातारा होता! वेसेलनं बरोबर हेरला. गोळी शिंगाला घासली, पडला, उठला आणि गेला. मी ती फांदी मोडून त्याला सावध केलं नसतं तर आज कातडं आपल्या हातात होतं."

"रक्त?" एका शेजाऱ्यानं विचारलं.

"शिंगातून रक्त येतं का, मूर्खा?"

फानीला मात्र वेगळाच आनंद झाला होता. त्या शेतावर पांनीच घालून दिलेला नियम होता: ज्याच्यामुळं शिकार हुकेल त्यानं कुडूची वाळकी लेंडी तोंडात धरून लांब थुंकायची. फानीनं आजवर पुष्कळ वेळा थुंकली होती. त्यानं एक टपोरी लेंडी निवडली, शर्टाला पुसली आणि वडिलांपुढं धरली. "फांदी कुणी मोडली, पा?"

पांनी एकदा वेसेलकडं बघितलं, डोळे मिटले आणि लेंडी तोंडात घातली. ती फार लांब गेली नाही. त्यांच्याच बुटावर पडली.

पुढच्या जुलैत जेवणं झाल्यावर पांनी सगळ्यांदेखत हाक दिली, "वेसेल, चल! म्हाताऱ्याच्या मागावर जाऊ." दोघं गंभीर चेहऱ्यानं पिकअपमध्ये बसले.

"अरे, तुझी दुर्बीण राहिली!" एल्ना ओरडली.

"असू दे," वेसेल म्हणाला. "म्हाताऱ्याला फार जवळून बघायचं नसतं."

इतक्यात सासूबाई घाईघाईनं आल्या. पिकअपच्या खिडकीतून त्यांनी कॉफीचा थर्मास आत दिला आणि मागोमाग दोन उशा सरकवल्या. दोन्ही नव्या, गुलाब भरलेल्या. पांच्या तोंडचं पाणी पळालं.

"परवा जाऊन भोकाला ठिगळ लावून आलेय," त्या हळूच म्हणाल्या. "वेसेल, तू खोडाकडच्या बाजूला झोप. हे फार घोरतात."