दात दिसले, तपासणी झाली

दात हा असा अवयव आहे की, तो दुखेपर्यंत त्याचा विचार मनात येत नाही आणि दुखू लागल्यावर दुसरा कोणताही विचार येत नाही. ही उणीव ओळखून आमच्या विधिमंडळाने 'सार्वत्रिक दंततपासणी कायदा' एकमताने मंजूर केला. दर पाच वर्षांनी प्रत्येक नागरिकाची एक तपासणी, तीही मोफत.

दंतवैद्य मोजकेच असल्यामुळे (जे होते, तेही रजेवर) 'तपासणी'ची व्याख्या करणे भाग पडले. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे मापनशास्त्र शिकवले, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी लिहिले: 'अधिकृत गणकास दोन मीटरच्या आतून किमान चार दात दिसणे.' व्याख्या इतकी काटेकोर उतरली की दंतवैद्याची गरजच उरली नाही. पहिला गणक मीच.

महिनाभरात अठरा हजार तपासण्या झाल्या. जांभई एकतीस टक्के, भांडण सत्तावीस, हास्य नऊ. उरलेल्या सर्व, थांब्यावर बस न थांबल्यामुळे.

माझी थोरली बहीण, अक्का, हिची नोंद मी घरीच केली. सकाळी तिने जांभई दिली. मी टेप लावली. एक मीटर चाळीस.

आठवड्याने तिची दाढ ठणकू लागली. गाल टम्म सुजला. मी तिला दवाखान्यात नेले. खिडकीतल्या कारकुनाने वही उघडली.

"आजी, तुमची तपासणी झालीय. निष्कर्ष: दात आहेत."

"अरे बाबा, आहेत म्हणूनच दुखतायत."

"पुढची पाळी पाच वर्षांनी."

"तोवर ह्या दाढेचं काय करू?"

"पडली तर प्रकरण आपोआप निकाली निघतं," तो मायेने म्हणाला.

अक्का माझ्याकडे वळली. "तरीच म्हटलं, मेला जांभईला टेप कशाला लावतोय. खोड ती नोंद."

खोडाखोड नियमात बसत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तेव्हापासून माझ्यासमोर ती तोंड उघडत नाही. वहीत शेरा मारला आहे: 'लाभार्थी समाधानी.'

परवा कायद्यात दुरुस्ती झाली. नागरिक समोर नसल्यास, दात दिसले असावेत असा गणकाचा रास्त अंदाजही आता ग्राह्य आहे. वाचकहो, अक्का कारकुनाशी बोलली तिथे आपले ओठ किंचित विलग झाले असावेत, असा माझा अंदाज आहे. नोंद केली आहे.

पाच वर्षे दाढ सांभाळा.