हॉबडेंचा संडास आणि रोमन लोक

विल्फ हॉबडेंना संडास हवा होता आणि कौन्सिलला रोमन लोक. भांडण एवढंच.

"तळमजल्यावर एक संडास बांधा," म्हणून त्यांची बायको मॉरीन वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडली. हॉबडे "बघू" म्हणाले. गेल्या वसंतात ती गेली, तेव्हा कुठे हॉबडेंना जाग आली. पण गावाखाली दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन वस्ती गाडलेली! कौन्सिलनं परवानगी दिली ती अट घालूनच. पाया खणताना पुरातत्त्व अधिकारी समोर उभी राहणार, मदतीला गावच्या इतिहास मंडळाचा माणूस, आणि काही मोलाचं निघालं की काम बंद.

अधिकारी आली, बेथन. आणि मंडळाचा माणूस म्हणून थापी घेऊन उगवला शेजारचा सिरिल पास्क! हॉबडे आणि त्याच्यात दहा-अकरा वर्षं अबोला होता. हॉबडेंची गळ्यात अडकवून वाजवायची पेटी, त्यांचा लाडका अकॉर्डियन, चोरीला गेला होता. चोर सिरिलच, असं त्यांनी अख्ख्या पबला सांगून ठेवलं होतं.

"हा चोर माझ्या अंगणात नको!"

"मिस्टर हॉबडे, ते बिनपगारी आहेत," बेथन म्हणाली.

"चोर बिनपगारीच असतात!"

सिरिल खणू लागला. आधी एक हाड निघालं. बेथन मोहरली.

"रविवारचं मटण आहे ते," हॉबडे म्हणाले. "खणा पुढे."

मग सिरिलची थापी कशाला तरी अडली. तो पांढराफटक पडला. "इथं काही नाही. बुजवून टाकू."

बेथननं त्याला बाजूला सारलं. "चौकोनी खड्डा. वस्तू नीट गुंडाळून पुरलीय. नक्कीच धार्मिक विधी! काम थांबवा."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी."

"अहो बाई, तोवर मीच ऐतिहासिक होईन!"

बेथननं कुंचल्यानं माती झटकली. खालून मेणकापड निघालं. पिवळ्या लिंबांच्या नक्षीचं.

"रोमन नाही," ती हिरमुसून म्हणाली.

हॉबडेंनी मात्र ते कापड ओळखलं. ते मॉरीनचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं. आत अकॉर्डियन होता. त्यांनी भाता ओढला. पेटीनं असा गळा काढला की शेजारची कुत्री रडू लागली.

"खड्डा मी खणला," सिरिल म्हणाला. "तू बाजारात गेला होतास. ती म्हणाली, सिरिल, ही पेटी तरी राहील नाहीतर मी तरी."

"आणि इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलंस?"

"तिला शब्द दिला होता. शिवाय दोन्ही घरांत शांतता होती."

"पण इथंच का पुरली?"

सिरिल घुटमळला. "तीच म्हणाली. संडासाच्या जागी पुरून टाक, तिथं तो जन्मात खणायचा नाही."

हॉबडे आधी हसले. मग बराच वेळ डोळे पुसत राहिले.

"एवढ्या संसारात," ते म्हणाले, "बाई एकदाच चुकली." आणि त्यांनी सिरिलच्या हातात फावडं दिलं. "चल, चोरा. खण."