कॉम्प्युटरमधला कोयता

"अख्ख्या टोळीत माझ्याएवढा ऊस तोडणारा गडी झाला न्हाई," असं गहिनीनाथतात्या छाती फुगवून सांगायचे आणि लगेच मिशीतल्या मिशीत हसत पुस्ती जोडायचे, "म्हंजे, टोळीतलं इच्यारायला आता कुणी शिल्लक न्हाई, म्हणून बिनघोर सांगतो."

शिल्लक होती एक. त्यांची बायको केसरबाई, ती चुलीपुढं भाकरी थापत असायची. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची आणि मग दोघांनी मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा. पण भरायची वेळ आली, की तात्यांच्या कमरेत नेमकी उसण भरायची. ट्रक हलला, की उसणही हलायची. केसरबाईंनी ही उसण जन्मभर डोक्यावर वाहिली, पण तोंडातून शब्द काढला नाही. (तात्यांना वाटायचं, बायको भोळी आहे.)

औंदा दुष्काळानं ऊसच करपला. सहकारी कारखान्याचं धुराडं गार पडलं (चेअरमनचं भाषण तेवढं गरम होतं), कोयते खुंटीला लागले आणि तात्यांचे हात रिकामे झाले. रिकाम्या हातांनी त्यांनी दोनदा तोंडानं टँकरचा हॉर्न वाजवून गावातल्या बायकांना हंडे घेऊन पळवलं. तिसऱ्यांदा बायका पळाल्या त्या तात्यांच्या मागं.

अशात अंबाजोगाईच्या कॉलेजातून नात मुक्ता आली. सोबत तिचा वर्गमित्र उत्तरेश्वर आणि एक लॅपटॉप. वर्गातल्या प्रत्येक टीमनं एक व्हिडिओ गेम करायचा होता आणि ज्यांचा सरस ठरेल त्यांना पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत पाठवणार होते. सर म्हणाले होते, "ऊसतोडीवर कुठं गेम असतो का? मोटारींच्या शर्यतीचा करा." मुक्ता हट्टाला पेटली. पोरांनी कधी गेम केलेला नव्हता. चुकत, भांडत, वीज गेली की कपाळावर हात मारत त्यांनी तो उभा केला होता.

लॅपटॉप उघडला आणि तात्या सरकत पार पडद्याला भिडले. वाऱ्यानं हलणारा ऊस, मजुरांनी राहायची पाचटाची कोपी, ट्रकखाली झोपलेलं कुत्रं.

"आरं, ह्यो तर आपला उसाचा फड!" तात्यांनी पडद्याला हात लावून पाहिला. "पोरी, पाचट टोचंल असं वाटतंय की गं!"

"दोघांनी मिळून खेळायचा, तात्या. तुमचं हे तोडायचं बटन, हे मोळी उचलायचं. आज्जीचं बांधायचं आणि उचलायचं. ट्रकचा हॉर्न वाजायच्या आत ट्रक भरला की जिंकलो."

"माझं उचलायचं बटन काढून टाक. फुकट जागा अडवतंय."

"राहू दे," केसरबाई चुलीपासूनच म्हणाल्या.

"आणि आज्जी समोर आली, की तात्यांचा कोयता आपोआप थांबतो. लागू नये म्हणून," मुक्ता म्हणाली.

"हे मातर अस्सल हाय," तात्या म्हणाले.

खेळ सुरू झाला. केसरबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि बघता बघता तात्यांना गाठलं. पडद्यावरची बाई मोळी बांधून उभी, गडी अजून ऊसच तोडतोय. इथं तात्यांनी एक बारीकसा निर्णय घेतला. उत्तरेश्वरला गोठ्याआड नेलं.

"काय रं, माझ्या गड्याचा हात एवढा मंद कामून?"

"समद्यांचा सारखाच ठिवलाय, तात्या."

"मी काय समद्यांसारखा हाय? वाढीव जरा."

"मुक्ताला कळलं तर जीव घेईल माझा."

"कळतंय कशाला? आन् जिंकल्यावर कोण इच्यारतंय?"

उत्तरेश्वरच्या पोटात केसरबाईंचं पिठलं होतं; त्याला नाही म्हणवेना. त्यानं हाताचा वेग दहापट वाढवला.

गेमच्या परीक्षेच्या दिवशी कॉलेजचा हॉल खच्चून भरला होता. मुक्तानं सरांना सांगितलं, "ज्यांचा खेळ आहे, तेच खेळून दाखवतील," आणि आजी-आजोबांना पुढं बसवलं. तात्यांनी फेटा सावरला, तोडायचं बटन दाबलं, आणि फडात जणू वावटळ शिरली! सपासप, सपासप! पोरं शिट्ट्या मारायला लागली. तात्यांची मान ताठ.

पण तोडलेला ऊस जाणार कुठं? बांधापर्यंत ढीग, कोपीपर्यंत ढीग. केसरबाईंची बाई त्यात गळ्यापर्यंत बुडाली, ट्रककडं जायची वाट बंद झाली आणि ते कुत्रं तर दिसेचना.

"उत्तऱ्या, हे काय केलंस?" मुक्ताचा आवाज फुटला. उत्तरेश्वर पंख्याकडं बघत राहिला. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"तात्या, बटन सोडा!"

"सुटंना गं! हाताला सवय लागली!"

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते केसरबाईंनी पाहिलं. "सरका तिकडं," म्हणत त्यांनी आपली बाई ढिगातून वर काढली आणि थेट गड्याच्या पुढ्यात नेऊन उभी केली. कोयता जागीच थांबला. मग एका हातानं त्या मोळ्या बांधत सुटल्या आणि दुसरा हात लांब करून त्यांनी तात्यांच्या बाजूचं ते फुकटचं बटन दाबलं. पडद्यावरच्या तात्यांनी मुकाट मोळी डोक्यावर घेतली. पुन्हा घेतली. गडी खेपा घालतोय, बाई बांधतीय, वाट मोकळी होतेय. शेवटची मोळी ट्रकवर पडली आणि हॉर्न वाजला.

सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. "दोघांनी मिळूनच जिंकता येतं, असा गेम मी पाहिला नव्हता," ते म्हणाले आणि पुण्यासाठी मुक्ताच्या टीमचं नाव घेतलं. पोरीनं आजीला मिठी मारली.

तात्यांनी गर्दीकडं वळून मिशीला पीळ दिला. "बघितलंस केसर? मी एवढा ऊस पाडला, म्हणून तर ट्रक भरला!"

"ऊस तर जन्मभर पाडलात," पदर खोचत केसरबाई म्हणाल्या. "पण मोळी आज पहिल्यांदा उचललीत. ती बी माझ्या बोटानं."