बादलीतला समुद्र

समुद्राचा खारेपणा मोजणारं यंत्र तंत्रज्ञाने घासूनपुसून लख्ख करायला घरी आणलं आणि न्हाणीघरातल्या बादलीत भिजत घातलं. ते बंद करायचं मात्र साफ विसरला.

हवामान बिघडल्यापासून वरच्या अंगाला अवेळी धो धो पाऊस पडे. मग नदीचा लोंढा समुद्रात घुसून किनाऱ्याचं पाणी गोडं होई आणि तिथे पाळलेली कालवं पटापट मरत. खारेपणा उतरला, की कालवं पाळणाऱ्या सगळ्यांना मोबाइलवर इशारा जावा, ही व्यवस्था त्याने लोकांच्या मिनतवाऱ्या करून नुकतीच उभी केली होती. पहिलाच इशारा खोटा ठरला, तर दुसऱ्याला कुत्रंही विचारणार नव्हतं. त्यातून पाळणाऱ्यांचे म्होरके होते त्याचे सासरे.

मोबाइल वाजला. खारेपणा शून्य! सावधान!

"मेलो! मीठ कुठंय?"

"डब्यात," बायको म्हणाली. "किती हवंय?"

"समुद्राएवढं!"

"अहो, बंद करा की ते!"

"बंद केलं तर सगळ्यांना शेवटचं शून्यच दिसत राहील!"

त्याने अख्खा डबा बादलीत उपडा केला. आकडा साठावर गेला. घाबरून त्याने बरंचसं पाणी ओतून देऊन नळ सोडला, तर आकडा बारा. शेवटी बायकोने पदर खोचला.

"सरका. भाजीत घालतात तसं घालायचं, चिमटी चिमटीने." तिच्या हातून आकडा बरोब्बर तिसावर, समुद्राच्या नेहमीच्या खारेपणावर आला. नवऱ्याला तिचा फार अभिमान वाटला, पण तो बोलून दाखवायला वेळ नव्हता. तो किनाऱ्याकडे पळत सुटला.

तिथे सगळा गाव कंबरभर पाण्यात उतरून कालवांच्या टोपल्या लांब, खोल पाण्यात हलवत होता. सर्वांत पुढे सासरे, घामाघूम.

"बाबा, माझं चुकलं. तो इशारा..."

"हळू बोला," सासरे म्हणाले. "आधी शून्य, मग साठ, मग बारा. समुद्र अशा माकडउड्या मारत नाही, जावईबापू. बादलीत होतं ना?"

"तुम्हाला कळलं होतं? मग टोपल्या कशाला हलवल्या?"

"सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सासराच जागचा हलला नाही, तर नदी खरोखर येईल त्या दिवशी तुमचं कोण ऐकणार?"

जावयाला भरून आलं.

"रडताय काय? लोकांना सांगा, रंगीत तालीम होती," सासऱ्यांनी हातातली टोपली त्याच्या खांद्यावर चढवली. "आणि उद्या सकाळी लवकर या. ऐंशी टोपल्या परत आणायच्यात. त्या काही मोबाइलवरून येत नाहीत."