तालखान्यातील मागे पडणाऱ्या ठोक्याची हकिकत

श्रीदेवी साक्ष. ऐकिले ते ताडून पाहिले, ताडले तेवढेच लिहिले.

शके १९४६, चैत्र शुद्ध सप्तमी, सकाळी साडेदहा वाजता राज्याच्या तालखान्याचे मुख्य वादक केरोबा रेणुराई यांचा डावा हात संबळावरून उठेनासा जाहला. वय बासष्ट. देवीच्या जत्रेस आठ दिवस उरले होते. या राज्याचा रिवाज ऐसा की, देवीपुढील नाच इलेक्ट्रॉनिक संगीतावर व्हावा, आणि त्या संगीताखाली ठेका केरोबांचा असावा, आणि त्या ठेक्यातील तिसरा ठोका किंचित मागे पडावा, आणि तो पडला म्हणजे सारा गाव पाय उचलीत असे. हात गेला तर तो ठोकाही जाणार, सबब दुपारी दरबार भरला. चिटणीस गमाजीपंत लॅपटॉप घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सरकार, सॉफ्टवेअर घ्यावे. हजार वाद्यांचे आवाज, जागा मांडीएवढी, चुकले तर मागे जाता येते." मग नाचाचे संगीत रचणाऱ्या जुलेखाबी शिकलगार यांनी ड्रम मशीनचा डबा पुढे मांडला. त्यास सोळा बटणे आणि चार फिरत्या खुंट्या. त्या म्हणाल्या, "आवाज हजार, पंत, पण हात कुठं ठेवायचा? माऊसवर संबळ वाजवून दाखवा बरं." दरबार हसला. राणीसरकारांनी आज्ञा केली की, आधी केरोबांचा ठेका सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्यावा, आणि माणसे नाचतात की नाही ते पाहून निवाडा व्हावा.

मग दोन दिवस शेक घेऊन हात घटकाभर चालला, तेवढ्यात चार आवर्तने भरून जाहली. पुढचे विचारले असता वैद्यांनी शेक चालू ठेवावयास सांगितले. आता चिटणिशीचा नियम ऐसा की, आलेला कागद दुरुस्त केल्याविना पुढे जात नाही. पंतांस पडद्यावर 'ठोके सुधारा' ऐसे बटण दिसले, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ते दाबले. एकादशीस सायंकाळी पाच वाजता चौकात तीनशे माणसे जमली आणि ठेका सुरू जाहला, परंतु एकही पाय उठला नाही. गर्दीतून एक बाई म्हणाली, "अगं, हा ठेका आहे का हजेरी?" मग केरोबा पुढे आले. "पंत, माझा तिसरा ठोका कुठं गेला?"

"मागे पडत होता, मामा. ओळीत आणला."

"अहो, तो मागे पडत नव्हता. पाय वर जायला वाट देत होता."

पंतांचा चेहरा उतरला. येथे न्यायाने लिहिणे प्राप्त की, सॉफ्टवेअरने मूळ ठेका पुसला नव्हता. पंतांनी दुरुस्ती मागे घेतली, तिसरा ठोका आपल्या जागी परतला, आणि त्याच बाईचा पाय सर्वांआधी उठला. पंतांनी हात जोडले. केरोबा म्हणाले, "राहू द्या. तुम्ही बिघडवलंत म्हणून तर कळलं, हे यंत्र जपून ठेवतंय. उपकारच झाले." मग जुलेखाबींनी त्याच संबळाचा आवाज डब्यात घातला, डबा केरोबांच्या मांडीवर ठेविला आणि सांगितले, "मामा, काठी उचलू नका. नुसतं बोट टेकवा." डावे मनगट डब्यावर टेकून राहिले, मधले बोट पडले, आणि तिसरा ठोका नेहमीसारखाच मागे आला. केरोबांनी डब्यास कपाळ लाविले आणि बराच वेळ उचलले नाही. सरकारांनी हुकूम केला की, ठेका सॉफ्टवेअरने सांभाळावा आणि डब्यावर वाजवावा, दोहोंत थोरला कोण हे कोणी विचारू नये. डबा केरोबांच्या घरी पोचता जाहला.

एकूण मजकूर इतकाच की, सॉफ्टवेअरने ठेका राखिला, डब्याने हातास काम दिले, आणि राज्य दोघांचे ऋणी आहे, पंतांच्या चुकीचेही. चतुर्दशी, सकाळी साडेदहापर्यंतची खबर ऐशी: केरोबांच्या घराचे दार लोटलेले होते आणि आतून संबळ वाजत होते. तिसरा ठोका मागे पडत होता. वाटेने जाणारे गमाजीपंत कागदांसह थांबले आणि त्यांचा उजवा पाय उठला. आत बोट टेकत होते की काठी उठली होती, हे बाहेरून समजले नाही.