पिवळ्या चिठ्ठीचा माल

पिंपरीच्या कारखान्यात ज्ञानदेव तपासणी खात्यात होता. गिअरचा दाता केसाएवढा चुकला तरी तो पेटीला पिवळी चिठ्ठी बांधून माल थांबवी. मग फोरमन येवो नाहीतर त्याचा बाप, चिठ्ठी सुटत नसे. पाळी संपेपर्यंत निर्णय झाला नाही, तर तो माल पुढच्या पाळीच्या इन्स्पेक्टरकडे जाई. खात्याची रीतच तशी होती.

घरी फळीवर आठवडाभर दोन फॉर्म असेच थांबले होते, एक सरकारी आयटीआयचा आणि दुसरा सरकारी पॉलिटेक्निकचा. मुलगी कस्तुरा नव्या पद्धतीची दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि शुक्रवारी पाचला दोन्हीकडची मुदत संपत होती. मूळ मार्कलिस्ट जोडायची असल्यानं भरता येणार होता एकच. फी दोन्हीकडे माफ. पण आयटीआय दोन वर्षांत कामाला लावणार आणि पॉलिटेक्निक तीन वर्षं बसभाडं, ड्रॉइंगबोर्ड, पुस्तकं खाणार.

"ऐकीव गोष्टीवर मी काही पास करत न्हाई," त्यानं बायकोला, भिमाबाईला, बजावलं. "नमुना घेऊन मोजणार."

नमुना कारखान्यातच होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं पाच आयटीआयवाले आणि पाच डिप्लोमावाले गाठले, आणि हातात किती पडतात ते वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी युनियनचे हिंदुराव मशिनीपाशी हजर. पगार लिहून घेणारा माणूस मॅनेजमेंटचाच असणार, अशी त्यांची खात्री. ज्ञानदेवनं मुलीचं सगळं सांगितल्यावर ते निवळले, पण ज्यांनी त्यांचं बोलणं अर्धवट ऐकलं त्यांनी पुढं सांगितलं की युनियन पगारवाढीचे आकडे गोळा करतेय. मग काय, रंगखात्यापासून कँटीनपर्यंत जो तो आपलं रडगाणं घेऊन वहीसमोर उभा. ज्ञानदेवला भाकरी गिळायची सवड राहिली नाही.

शुक्रवारी साडेतीनला पाळी सुटली आणि पर्सोनेल ऑफिसरचं बोलावणं आलं. साहेबांनी त्याला दीड तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग विचारलं, की वही कुणाच्या सांगण्यावरून. ज्ञानदेव आधीच कावला होता. त्यानं वहीच टेबलावर ठेवली.

"पोरीसाठी, साहेब. ओव्हरटाइम धरला तर आयटीआयवाला डिप्लोमावाल्या सुपरवायझरपेक्षा जास्त घरी नेतो. मग डिप्लोमा कशाला करायचा?"

साहेबांनी पानं चाळली. "हा ओव्हरटाइम रात्रपाळीचा ना?"

"व्हय."

"बायकांना कारखान्यात रात्री कामावर ठेवता येत नाही, कायदा आहे. पुरुषांच्या मापानं मुलगी मोजलीत होय?"

चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या ज्ञानदेवनं वहीतले आकडे पुन्हा मोजले. ओव्हरटाइम वजा केला तर पाचही आयटीआयवाले डिप्लोमावाल्यांच्या खाली जात होते. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तो वही उचलायला गेला.

"वही राहू द्या," साहेब हळूच म्हणाले. "माझाही मुलगा यंदा दहावी झालाय."

युनियनला, साहेबाला आणि स्वतःला शिव्या देत त्यानं घरापर्यंत सायकल हाणली. मुलीचं वर्ष आपल्या हातानं बुडवलं, या विचारानं त्याला रडू येत होतं. फळीवर एकच फॉर्म होता, आयटीआयचा. त्याला पिवळी चिठ्ठी बांधली होती.

"आम्ही दोघी पॉलिटेक्निकचा भरून आलो," भिमाबाई म्हणाली. "साडेचारपर्यंत तुमची वाट बघितली, मग रिक्षा केली."

ज्ञानदेवच्या जिवात जीव आला, आणि त्याबरोबर त्याच्यातला इन्स्पेक्टरही जागा झाला. "नमुना किती घेतलास?"

"एक. कस्तुरालाच इचारलं."

"आणि मला न विचारता पास?"

"तुमची पाळी सुटली होती," भिमाबाई म्हणाली. "दुसरी पाळी माझी."