क्लासिकलची साथ

"साळवे, खर्ड्याहून फोन होता," गोरक्ष जिन्यात उभा राहून म्हणाला. "क्लासिकलची साथ हाय म्हणाला. सकाळच्या पहिल्या गाडीनं या, सामान घेऊन या. छबूबाईकडं."

सहादेव साळवे जेवायला बसला होता. हातातला घास ताटात ठेवून तो दारात आला.

"क्लासिकलचीच म्हणाला?"

"दोनदा म्हणाला. साधी न्हाई, क्लासिकलचीच हाय, उशीर केला तर उपेग न्हाई. लायनीला खरखर लई हुती. पुढचं ऐकायच्या आत कट झाला."

गोरक्षचा एसटीडी बूथ त्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. इमारतीत फोन कुणाकडेच नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे निरोप तोच घेई. इमारतीत साळवे दोन होते. पहिल्या मजल्यावर सहादेव, नागापूरच्या एका कारखान्यात टेम्पररी कामगार आणि तबलजी. दुसऱ्या मजल्यावर चेतन साळवे, जनावरांचे डॉक्टर. जिल्ह्यात कुठेही गुरंढोरं पटापट मरू लागली की नमुने घ्यायला त्यांना बोलावत. खर्ड्याच्या माणसाने 'साळवे साहेबांना सांगा' असं म्हटलं होतं. त्यातला 'साहेब' गोरक्षने वाटेत गाळला. 'क्लासिकल' आणि 'साथ' हे दोन शब्द कानावर पडल्यावर आणखी एक मजला चढण्याचं त्याला कारणच उरलं नव्हतं. डुकरांना होणाऱ्या एका तापालाही डॉक्टर लोक क्लासिकल म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. सहादेवलाही नव्हतं.

सहादेवला क्लासिकल एकच ठाऊक होतं, आणि ते त्याला कधी कुणी मिळू दिलं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून तो सबनीसबुवांकडे तबला शिकत होता. बुवांच्या संगीत सभेत सतरंज्या तो अंथरी, पाहुण्यांच्या तबल्यावर हातोडी मारून सूर तो लावून देई, आणि मैफल सुरू झाली की मागच्या खांबाला टेकून बसे. वाजवायला त्याला जयंतीचे जलसे होते, लग्नातले ऑर्केस्ट्रा होते. एकदा त्याने धीर करून बुवांना विचारलं होतं. बुवा म्हणाले होते, "हात तयार आहे तुझा. पण तो जलशाचा हात आहे, क्लासिकलचा नाही." फरक काय, असं विचारल्यावर म्हणाले, "ते शिकवून येत नसतं रे. घरात असावं लागतं."

"उद्या कामावर जायचंय," माधुरी आतून म्हणाली. "पर्मनंट करायची वेळ आलीय. फोरमन बन्सीभाऊंनी काय सांगितलंय, या म्हैन्यात दांडी न्हाई."

"एका दिवसाचं काय व्हतंय?"

"आन् ही छबूबाई कोन?"

"असंल कुनी जुनी गायिका. आशी मान्सं खेड्यातच ऱ्हात्यात. कुनाला ठावं नस्तं."

"मग तुमचं नाव तिला कसं ठावं?"

इतकी वर्षं खांबाला टेकून बसलेल्या माणसाला असे प्रश्न फार वेळ अडवत नाहीत. त्याने तबल्याची शाई कोरड्या फडक्याने पुसली, डग्गा गोधडीत गुंडाळला आणि पांढरा झब्बा इस्त्रीला काढला.

सकाळच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कडा गेलं, आष्टी गेलं. पिशवी मांडीवर धरून तो बोटांनी तिच्यावरच ठेका धरत होता. जामखेडला गाडी बदलताना समोर 'क्लासिकल टेलर्स' अशी पाटी दिसली, तोही त्याला शुभशकुन वाटला. खर्डा येईपर्यंत त्याच्या मनातली छबूबाई पुरती तयार झाली होती. पांढरं नऊवारी, कपाळ मोकळं, आवाज थकलेला पण सुरेल. गाणं संपल्यावर ती म्हणणार होती, "नगरात असा हात असून मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

स्टँडवर एक माणूस पुढे आला. "साळवे ना? मी मच्छिंद्र. पट्टीबंधक."

जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणाऱ्या माणसाला सरकार पट्टीबंधक म्हणतं. सहादेवने तो पेटीवाला असल्याचं गृहीत धरलं.

"पट्टी कुठली लागंल?" त्याने विचारलं.

"पट्टी आता कुठली, साहेब. पट्टीनं भागलं असतं तर तुमाला बोलावलं असतं का?"

सहादेवला हे उत्तर फार वरच्या दर्जाचं वाटलं. दोघे चालू लागले. मच्छिंद्रने पिशवी घेतली आणि तिच्या वजनाने जरा वाकला.

"जपून," सहादेव म्हणाला.

"काचेचं हाय का?"

"कातड्याचं."

मच्छिंद्रने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. नगरात नवीन काय काय निघतं ते आपल्याला कुठलं कळायला, असा त्याचा चेहरा होता.

"आवाज कसा हाय आता?" सहादेवने विचारलं.

"आधी वरडून गाव डोक्यावर घ्यायची. परवापासून बसलाय. नुसती घुरघुर."

"वय झालं असंल."

"वयाचं काय न्हाई. बारकी बी तशीच."

म्हणजे शिष्यही होते. "घराणं कुठलं म्हनायचं?"

"छबूबाईचंच की. सासऱ्यापासनं चालत आलंय."

"मान्सं किती हायेत तिथं?"

"मान्सं कुठली. ती अन् मी. जनावरं म्हनाल, तर काल सकाळपातूर लई हुती. निम्मी गेली."

सहादेवने 'जनावरं' हा शब्द श्रोत्यांविषयी घेतला. क्लासिकलला निम्मी माणसं उठून जातात हे त्याने नगरातही पाहिलं होतं. "थांबली न्हाईत," तो म्हणाला.

"कशी थांबत्याल," मच्छिंद्र म्हणाला.

किल्ला मागे टाकून दोघे ओढ्यापाशी आले. पलीकडे काट्याच्या कुंपणात डुकरं पडलेली होती. काहींचे कान जांभळे झाले होते, काही धापा टाकत होती, बाकीची हलत नव्हती. कुंपणाच्या तोंडाशी लुगड्याचा ओचा खोचून एक बाई बादली घेऊन बसली होती. अलीकडच्या काठावर गावातली काही माणसं नाकाला उपरणं लावून उभी होती.

"छबूबाई, साहेब आले," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याने पिशवीची गाठ सोडली.

तबला बाहेर आला. मग गोधडीतून डग्गा आला. मच्छिंद्रने दोन्हींकडे पाहिलं, मग सहादेवच्या इस्त्रीच्या झब्ब्याकडे पाहिलं.

"मी तबला वाजवतो," सहादेव म्हणाला. "मला साथीला बोलावलंय असं वाटलं."

छबूबाईने बादली खाली ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डग्ग्याच्या पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्याला बी कातडंच लागतंय व्हय." मग बादली पुन्हा उचलत, "आमाला वाटलं, कुनी तरी आलं."

काठावरचा एक जण हसला, म्हणून दुसराही हसला. "वाजीव की डुकरांम्होरं," तो म्हणाला. "सुखानं मरत्याल."

सहादेव तिथून निघाला तो किराणा दुकानातल्या फोनपाशी येऊन थांबला. बऱ्याच वेळाने नगर लागलं.

"गोरक्ष, वरच्या साळव्यांना सांग. निरोप त्यांचा हुता."

"क्लासिकल त्यांचं हुतं?"

"व्हय," सहादेव म्हणाला. "त्यांचंच हुतं."

परतीच्या गाडीला अजून वेळ होता, आणि तो तिच्यात बसूही शकला असता. पण पिशवी ओढ्याकाठीच राहिली होती. ती घ्यायला तो गेला तेव्हा छबूबाई एकटीच एका मेलेल्या डुकराला पायाला धरून ओढत होती. मच्छिंद्र चुना आणायला गेला होता. सहादेवने झब्बा काढून काट्यावर अडकवला आणि दुसरा पाय धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचे हात वाजवायचे."

"धरा तिकडून," तो म्हणाला.

दुपार कलल्यावर जीप आली. डॉक्टर चेतन साळवे तरुण होते आणि कामात चोख होते. त्यांनी एक जनावर उघडून पाहिलं, नमुने बाटल्यांत भरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं.

"अगदी क्लासिकल," ते म्हणाले. "पुस्तकात दिलंय तसं."

"म्हंजे चांगलं का वाईट?" छबूबाईने विचारलं.

"शास्त्रीय दृष्ट्या..." असं म्हणून डॉक्टर थांबले. मग सरळ म्हणाले, "याला औषध नाही, मावशी. सकाळी आलो असतो तर धडधाकट होती तेवढी तरी बाजूला काढली असती."

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. तरी मच्छिंद्रने पिशवीकडे पाहिलं, आणि सहादेवनेही पाहिलं. एकच पिल्लू तेवढं धावत होतं. ते छबूबाईने पाटीत घालून, वर पोतं बांधून लांब बाभळीखाली नेऊन ठेवलं.

सगळं पुरून होईपर्यंत शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सहादेव नगरला पोचला, म्हणजे दांड्या दोन झाल्या. तिसऱ्या दिवशी तो नागापूरला गेला तेव्हा बन्सी फोरमन गेटवरच भेटला.

"खर्ड्याला कशाला गेल्ता?"

सहादेवने खरं ते सांगितलं. बन्सीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर इश्वास ठेवला नसता," तो म्हणाला. "तुज्यावर ठेवतो. पन तुज्या जागी मानूस घेतला रं कालच."

घरी माधुरीने फक्त त्याचा झब्बा दोनदा धुतला.

आठवडाभराने सबनीसबुवांचा निरोप आला. सहादेव गेला तेव्हा बुवा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सहादेवला समोर खुर्ची दिली. आजवर तो त्यांच्या घरात खुर्चीवर बसला नव्हता.

"गेल्या आठवड्यात एका सकाळी तुझ्यासाठी बूथवर फोन केला होता, सतरंज्या काढायच्या होत्या म्हणून. तो पोरगा म्हणाला, साळवे खर्ड्याला गेलेत, छबूबाईंकडे, क्लासिकलच्या साथीला. खरं का?"

"गेल्तो, बुवा. पण तिथं..."

"बोलला नाहीस कधी. छबूबाई खर्डेकर. अजून आहेत म्हणजे." बुवांनी डोळे मिटले. "ऐकलंय मी त्यांना, तरुणपणी. काय चढा आवाज. घराणं जुनं ते. त्या सहसा कुणाला साथीला घेत नसत."

सहादेवचं तोंड उघडलेलं होतं. ते त्याने मिटलं. खरं सांगितलं तर बुवा खोटे ठरत होते, आणि बुवा खोटे ठरले तर खुर्चीही जात होती. पण त्याला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याचा हात बुवांनी इतकी वर्षं दर आठवड्याला ऐकला होता, आणि तो त्यांना पटला नव्हता. त्यांनी कधी न ऐकलेल्या बाईच्या नावाने तो एका दिवसात पटवला होता.

"आता आवाज बसलाय त्यांचा," तो म्हणाला.

"वयच झालं," बुवा म्हणाले. "रविवारच्या सभेत तू बस."

रविवारी सतरंज्या दुसऱ्याच कुणीतरी अंथरल्या. बुवांनी ओळख करून दिली, "खर्ड्याच्या छबूबाईंना साथ केलेले आमचे सहादेव साळवे," आणि पहिल्या रांगेतल्या माना हलल्या. सहादेव वाजवू लागला. तो जलशात वाजवायचा तसाच वाजवत होता, मुद्दाम. एका तिहाईला 'क्या बात है' आलं. नंतर एक म्हातारे रसिक काठी टेकत त्याच्यापाशी आले.

"कळतं हो लगेच," ते म्हणाले. "त्या घराण्याचा हात लपत नाही. मिरजेला ऐकलं होतं मी बाईंना. आता त्या घराण्यात कुणी राहिलं नसेल."

"न्हाई राहिलं," सहादेव म्हणाला. "गेले सगळे, एकाच आठवड्यात. एक पिल्लू वाचलंय."

"शिष्य?"

"व्हय. बाई सांभाळतात त्याला."

"जपायला हवं," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी डोळे टिपले.

सभेची पाहुण्यांना द्यायची रीत होती ती त्यालाही लागू झाली. उपरणं आणि नारळ. घरी येऊन त्याने दोन्ही माधुरीच्या पुढ्यात ठेवलं. तिने नारळ उचलला, कानाशी हलवून आत पाणी आहे का ते पाहिलं.

"या म्हैन्यातला दुसरा," ती म्हणाली. "कारखान्यानं दिला, आता यांनी दिला. ह्यो निदान खवता तरी येईल."

आणि विळी घ्यायला ती आत गेली.